उसनी ऊब

मोटारीतला हीटर हा काही आमच्या मुलखात बोलायचा विषय नाही, असं तुम्ही म्हणाल. म्हणणं खोटं नाही. आष्टी तालुका, त्यातलं आमचं कडा. पाऊस कमी, ऊन भरपूर. इथं गाडी घेणारा माणूस ‘एसी कसा आहे’ हे आधी विचारतो. हीटर कसा आहे असं विचारणारं गिऱ्हाईक मी तरी अजून पाहिलेलं नाही. पण तोच माणूस पौषातल्या पहाटे कड्याहून नगरला निघतो, काचा लावतो, डॅशबोर्डवरचं बटण निळ्याकडून तांबड्याकडे फिरवतो आणि समोरून येतो तो गार वारा. पाच मिनिटं वाट बघतो, दहा मिनिटं वाट बघतो. वारा गारच. मग बटणाला दोन शिव्या हासडून तो पंखा बंद करतो आणि मफलर कानावर ओढतो. हा बिघाड इतका सर्रास आहे की त्याला कोणी बिघाड समजतच नाही. मला मात्र त्यात शंभर वर्षांचा इतिहास दिसतो, आणि आज तोच सांगायचा आहे.

आधी एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. गाडीतला हीटर स्वतः काही तापवत नाही. त्यात जाळ नसतो, विजेची शेगडी नसते. इंजिनात जळणाऱ्या इंधनातली शक्ती ढोबळमानाने तीन वाट्यांनी जाते. एक वाटा चाकं फिरवतो, दुसरा सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जातो आणि तिसरा इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात उतरतो. हे पाणी पंपाच्या जोरावर इंजिनाभोवती फिरतं, रेडिएटरमध्ये जाऊन वाऱ्यावर निवतं आणि परत इंजिनात येतं. हीटर म्हणजे याच पाण्याची एक आडवाट. डॅशबोर्डच्या मागे हातभराहूनही लहान असा एक रेडिएटर बसवलेला असतो, त्याला दोन रबरी नळ्या जोडलेल्या असतात आणि त्याच्यावरून पंखा हवा फुंकतो. बस्स, एवढंच यंत्र. इंजिनाला नकोशी झालेली, नाहीतरी वाऱ्यावर जाणारी उष्णता माणसाने मागून घेतली. म्हणून मी तिला उसनी ऊब म्हणतो. ती मागून घेण्याची अक्कल यायला मात्र पुष्कळ वर्षं लागली.

पहिल्या मोटारी म्हणजे घोडा सोडलेल्या बग्ग्याच होत्या. वर धड छप्पर नाही, बाजूला काच नाही. युरोप-अमेरिकेतले हौशी लोक हिवाळ्यात केसाळ कातड्याचे कोट घालून, पायावर जाड पांघरूण घेऊन गाडी हाकत. पायाशी तापवलेली वीट किंवा शंखजिऱ्याचा दगड फडक्यात गुंडाळून ठेवत. निखारे भरलेली पत्र्याची डबीही मिळे. काश्मीरमध्ये माणसं फेरणच्या आत कांगडी धरून बसतात, त्यातलाच हा प्रकार. आगगाडीतही हेच चाले. विलायतेत थंडीच्या दिवसांत गरम पाण्याने भरलेले पत्र्याचे चपटे डबे उतारूंच्या पायांखाली सरकवत.

शिकागोच्या मार्गारेट विलकॉक्स नावाच्या बाईंनी १८९३ मध्ये ‘कार हीटर’चं पेटंट घेतलं. मोटारीच्या हीटरची जननी म्हणून त्यांचं नाव पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं. पण गंमत अशी की त्या काळी अमेरिकेत ‘कार’ म्हणजे आगगाडीचा डबा. मोटारगाडी तर तिथे त्याच वर्षी जेमतेम रस्त्यावर दिसू लागली होती. बाईंची बुद्धी अस्सल होती यात शंका नाही. पण शब्दाचा अर्थ बदलला की इतिहास कसा गडबडतो, ते आम्हा कवी लोकांना बघायला आवडतं, म्हणून हे सांगितलं.

मोटारवाल्यांनी आधी हात घातला तो दुसऱ्या वाट्याला, म्हणजे धुराच्या उष्णतेला. एक्झॉस्टची लोखंडी नळी लालभडक तापते. तिच्याभोवती पत्र्याचं आवरण घालायचं आणि तिथली गरम हवा आत घ्यायची. १९२७ ते १९३१ या काळात निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’ला असा हीटर बसवून मिळे. स्वस्त आणि झटपट. पण नळीला एखादं भोक पडलं की उबेबरोबर धूरही आत यायचा, आणि त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड असा विषारी वायू आहे की त्याला वास नाही, रंग नाही. माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही. फोक्सवॅगनच्या प्रसिद्ध बीटल गाडीचं इंजिन हवेवर गार होणारं, त्यात पाणीच नाही. तिला पुढे कितीतरी वर्षं एक्झॉस्टचीच ऊब घ्यावी लागली, आणि पत्रा गंजला की धुराची भीती राहिली. आजही बंद गॅरेजमध्ये किंवा बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून, हीटर लावून कोणी झोपू नये. हीटर पाण्यावरचा असला तरी इंजिनाचा धूर जागा शोधून आत येतोच.

म्हणून शेवटी लोक पाण्याकडे वळले. १९३०च्या दशकात पाण्यावरचे हीटर अमेरिकेत रुळले. १९३८ मध्ये नॅश कंपनीने बाहेरची ताजी हवा आत ओढून, गाळून, हीटरवरून फिरवून देणारी व्यवस्था आणली. पुढच्याच वर्षी तिला आपोआप तापमान राखणारं नियंत्रण जोडलं आणि ‘वेदर आय’ असं नाव दिलं. आजच्या गाड्यांतला हीटर मुळात तोच आहे. याच दशकात सर्जियस व्हर्ने या गृहस्थाने मेणाचा थर्मोस्टॅट बनवला. ही वस्तू लहान आहे, पण माझ्या आजच्या गोष्टीत तिचं काम मोठं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला दरवान. पितळेच्या लहान डबीत मेण भरलेलं असतं. इंजिन गार असताना दार बंद. पाणी रेडिएटरकडे जातच नाही, इंजिनातच घोटाळतं आणि लवकर तापतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि दार उघडतं. मग पाणी रेडिएटरकडे जातं. म्हणजे इंजिन गार ठेवणारा तो रेडिएटर आणि गरम ठेवणारा तो थर्मोस्टॅट. इंजिनालासुद्धा ठरावीक ताप लागतो, हे आपल्याकडे फार थोड्यांच्या गळी उतरलं.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. कड्याहून नगरकडे निघालं की थोड्याच वेळात जिल्ह्याची हद्द लागते. पूर्वी ती दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे निजामाचं हैदराबाद, पलीकडे मुंबई प्रांत, आणि निजामाच्या हद्दीवर करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी. मोटारवाहतुकीतही दोन वेगळे संसार होते. निजाम सरकारने १९३२ मध्येच आपल्या रेल्वेखात्याच्या जोडीला रस्तेवाहतूक सुरू केली होती, २७ गाड्यांनिशी. त्यातल्या विलायती आल्बियन गाडीचं कौतुक हैदराबादेत अजून होतं. पलीकडच्या बाजूला १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर अशी धावली. लाकडी सांगाडा, काथ्याच्या गाद्या. त्या वेळच्या ताफ्यात बेडफर्ड, शेवर्ले, फोर्ड, स्टुडबेकर, लेलँड, आल्बियन असा परदेशी कंपन्यांचा मेळाच भरलेला होता. त्याच सप्टेंबरात हैदराबादचं भारतात विलीनीकरण झालं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मग एसटीचा लाल डबा आमच्याही दारात आला. नगरचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. आमच्या तोंडी जुनी सवय म्हणून नगर बसलेलं आहे, वाचकांनी समजून घ्यावं.

या गाड्यांत हीटर नसे. तो कशाला असेल? पण ऊब होती, आणि ती कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. एसटीचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, आतच. त्याच्यावर जाड झाकण, आपल्या भाषेत बॉनेट. उन्हाळ्यात त्या बाजूला कोणी फिरकत नसे. हिवाळ्यात त्याच जागेसाठी रुमाल टाकले जात. लहानपणी अम्मीबरोबर पहाटेच्या गाडीने नगरला जाताना मी बॉनेटजवळ बसायला हट्ट करायचो. पायांना ऊब लागायची, डिझेलचा वास यायचा आणि गिअर पडताना सगळं अंग हलायचं. रमजान थंडीत आला की सहरी करून निघालेले चार-दोन जण त्याच जागी गर्दी करून बसत. ड्रायव्हर ओरडे, “अहो मामा, गिअर तरी टाकू द्या!” मागच्या बाकांवर मात्र खिडकीच्या काचा खडखडत आणि फटीतून वारा सुईसारखा आत शिरे. एकाच गाडीत पुढे वैशाख आणि मागे पौष.

खासगी गाड्यांची कथा वेगळी नव्हती. वालचंद हिराचंद या सोलापुरात जन्मलेल्या उद्योगपतीने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाट ११०० चा भारतीय अवतार बाहेर पडला, आणि तोच पुढे प्रीमियर पद्मिनी झाला. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची अँबॅसडर झाली. महिंद्रने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतली. परदेशात फियाट आणि मॉरिसच्या या सख्ख्या भावंडांना हीटर मिळत असे. इकडे येताना बहुतेक गाड्यांनी तो वाटेतच सोडला. मुंबईच्या दमट हवेत किंवा सोलापूरच्या उन्हात त्याची आठवण कोण काढणार? जीपला तर कॅनव्हासचं छप्पर. तिच्यात ऊब ठेवायची कुठे? आमच्या नगर रस्त्यावर पुढे ज्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या आणि ट्रॅक्स धावल्या, त्यांत पुढच्या बाकावर चौघं आणि मागे मोजदाद नाही, अशी माणसांचीच ऊब होती.

आणि याच रस्त्यावरून दिवाळी झाली की आमचा अर्धा जिल्हा निघतो. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. असे कोयते भरून ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात. वर बाडबिस्तरा, पाचटासाठीची ताडपत्री, शेळ्या, कोंबड्या आणि त्यांच्या मधोमध लेकरं. ट्रकच्या केबिनमध्ये इंजिनाची धग असते. ड्रायव्हर, क्लीनर आणि मुकादमाचा एखादा माणूस त्या धगीला बसतो. मागे उघड्यावर वारा. ट्रॅक्टरला तर केबिनच नाही. इंजिनाचा तापलेला श्वास ड्रायव्हरच्या नडग्यांना लागतो आणि पुढे वाऱ्यावर जातो, ट्रॉलीपर्यंत काही पोहोचत नाही. मी हीटरचा इतिहास सांगायला बसलो आहे आणि हे आठवल्याशिवाय राहत नाही. इंजिनात जळणाऱ्या डिझेलचा एक तृतीयांश भाग निव्वळ उष्णता होऊन पाण्यात उतरतो, आणि त्याच इंजिनाने ओढलेल्या ट्रॉलीत तान्हं मूल गोधडीत कुडकुडतं. त्याला अजून कोणी नळी जोडलेली नाही. सरकारने ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं केलं, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालट्रकना. ड्रायव्हरसाठी हे फार चांगलं झालं, उन्हाळ्यात त्या भट्टीत बसणाऱ्यालाच त्याची किंमत कळेल. पण केबिनच्या मागच्या फळीपलीकडे तो नियम जात नाही.

आता मूळ प्रश्न. पुढे १९९०नंतर गाड्या बदलल्या, एसी आला आणि त्याच पेटीतून हीटरही आला. मग तो गरम का फुंकत नाही?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीची रात्र, एकच्या सुमारास आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या दोन दिवसांच्या बाळाला नगरला न्यायचं ठरलं. अँब्युलन्स दुसऱ्या गावी गेलेली. शेजाऱ्याची जुनी, दोन-तीन हात फिरलेली डिझेल गाडी मिळाली. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, “काही करा, पण बाळाला गार पडू देऊ नका.” एवढ्या लहान जिवाला स्वतःची ऊब राखता येत नाही, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं. गाडीत बसल्याबरोबर हीटर लावला. गार वारा. बंद केला तर पाच माणसांच्या श्वासाने समोरच्या काचेवर वाफ धरली. मी पुढे बसून रुमालाने काच पुसत होतो. हंगामाचे दिवस, पुढे उसाच्या ट्रॉल्या, त्यांना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. काच पुसली की ट्रॉली एकदम अंगावर आल्यासारखी दिसे. शेवटी काचा बोटभर उघडल्या, तेव्हा वाफ गेली आणि थंडी आली. मुलीच्या सासूने बाळ मुलीच्या उघड्या छातीशी धरायला लावलं, वरून दोन गोधड्या आणि स्वतःचा बुरखा पांघरला. त्या उबेवर बाळ नगरला पोहोचलं. आता ते शाळेत जातं.

दुसऱ्या दिवशी गाडी परत आली तेव्हा मी शेजाऱ्याबरोबर मिस्त्रीकडे गेलो. मला बघायचंच होतं. हा मिस्त्री तरुण. कमी बोलणारा, पण हात बोलका. त्याने आधी पंखा लावला. “चाचा, वारा येतोय का ते आधी बघायचं. वाराच नसंल तर फ्यूज, रेझिस्टर, नाहीतर मोटर. त्याचा पाण्याशी संबंध नाही.” वारा येत होता. मग इंजिन गार असतानाच त्याने रेडिएटरचं झाकण उघडलं. गरम इंजिनाचं झाकण उघडू नये, पाणी कारंज्यासारखं उडून तोंड भाजतं. पाणी भरपूर होतं, पण तांबूस, गंजाच्या रंगाचं. “बोअरचं पाणी ओतलंय,” तो म्हणाला. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती, ते चुलीवरच्या पातेल्याच्या तळाला बघा. इंजिनात ते तसंच बसतं, आणि हीटरच्या बारीक नळ्या सगळ्यांत आधी बुजतात.

मग त्याने इंजिन चालू करून वीस मिनिटं ठेवलं आणि डॅशबोर्डकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्यांना हात लावून बघितला. ही परीक्षा मला फार आवडली; वैद्याने नाडी बघावी तशी. दोन्ही नळ्या चटका बसेल इतक्या गरम असतील तर पाणी नीट येतंय आणि जातंय, दोष आतल्या झडपेचा. बटण फिरतं पण त्याची केबल निसटलेली असते, किंवा झडप अडकलेली असते. आपले लोक मार्चमध्ये बटण निळ्याकडे करतात ते वर्षभर हलवतच नाहीत, मग झडप अडकणार नाही तर काय? एक नळी गरम आणि दुसरी गार असेल तर हीटरचा रेडिएटर गाळाने भरलाय किंवा पाण्याची चावी बंद आहे. इंजिनाचा वेग वाढवला की गरम आणि गाडी थांबली की गार, असं होत असेल तर पाणी कमी आहे, मध्ये हवा अडकली आहे किंवा पंप दमलाय. आणि पायाशी गोडसर वास, ओली मॅट, काचेला चिकट वाफ असेल तर हीटरच गळतोय.

आमच्या गाडीच्या दोन्ही नळ्या कोमट होत्या. तापमानाचा काटाही तळाशी. मिस्त्री हसला, पाना घेतला, इंजिनाच्या तोंडाशी असलेली वाटी उघडली आणि मला म्हणाला, “बघा. घर हाय, पण माणूस नाही.” थर्मोस्टॅट नव्हताच. कधीतरी, कुठल्यातरी मालकाच्या काळात, कोणीतरी तो काढून फेकला होता.

हे त्या एका गाडीचं नाही. थर्मोस्टॅट काढून टाकणं ही आपल्याकडच्या गॅरेजांची जुनी रीत आहे, आणि तिच्यामागे कारण होतं, हे मी मुद्दाम सांगतो. क्षाराच्या पाण्याने थर्मोस्टॅट अडकायचा, दार बंदच राहायचं, आणि मे महिन्यात घाटाच्या मध्यावर गाडी वाफा सोडायची. नवा भाग तालुक्याला मिळायचा नाही. तेव्हा मिस्त्री काय करणार? दरवानच हाकलून दिला, दार कायमचं उघडं. गाडी घरी पोहोचली. त्या वेळच्या मिस्त्र्यांना मी नावं ठेवणार नाही. पण रीत राहिली आणि कारण गेलं. आजच्या इंजिनात काटेकोर मोजमाप असतं. इंजिन गारच राहिलं की गाडीचा संगणक समजतो की आत्ताच चालू झालंय, आणि जादा इंधन देत राहतो. डिझेल जास्त जातं, ऑइल लवकर खराब होतं, इंजिन झिजतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी आडवाटेनेच फिरत राहतं आणि उलट इंजिन जास्त तापतं. हिवाळ्यात हीटर गार वारा देतो तो या सगळ्याचा निरोप असतो. तो आपण ऐकत नाही, कारण आपल्याला वाटतं, हीटर काय, नसला तरी चालतं.

मिस्त्रीने काही शे रुपयांचा नवा थर्मोस्टॅट बसवला. आतलं सगळं पाणी सोडून साफ पाण्याने दोन-तीनदा धुतलं, मग कंपनीचं कूलंट भरलं. गाडीचं तोंड चढावर लावून, झाकण उघडं ठेवून, बटण तांबड्यावर करून इंजिन चालू ठेवलं. आतली अडकलेली हवा बुडबुड करत बाहेर आली. पंधरा मिनिटांत पायाशी अशी झळ आली की शेजारी म्हणाला, “अरे, ही हीच गाडी का?” त्याने एक ताकीद दिली: कूलंट गोडसर लागतं पण विष असतं, डबा लेकरांच्या आणि जनावरांच्या तोंडापासून लांब ठेवा. आणि एक सल्ला: उन्हाळ्यातसुद्धा महिन्यातून एकदा दहा मिनिटं बटण तांबड्यावर फिरवत जा.

मला तिथे माझे मामू आठवले. ते कल्हईवाले. दारोदार भाता घेऊन फिरायचे, नवसागराचा धूर आणि भांड्याच्या पोटात पसरणारी चांदीसारखी झळाळी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. स्टेनलेस स्टील आलं, पितळेची भांडी माळ्यावर गेली आणि मामूंचा भाता गप्प झाला. मग ते नगरला एका रेडिएटरवाल्याकडे बसू लागले. रेडिएटर तेव्हा तांब्या-पितळेचे. त्यांना झाळ लावणं हे कल्हईवाल्याच्या हातचंच काम. गळकी नळी शोधायची, ती चिमटायची, शिशा-कथलाचा टाका द्यायचा, पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे. दहा-पंधरा वर्षं बरी गेली. पुढे ॲल्युमिनियमचे आणि प्लॅस्टिकच्या टाकीचे रेडिएटर आले. त्यांना झाळ धरत नाही. फुटला की फेकायचा आणि नवा घालायचा. एकाच माणसाच्या हयातीत एकच हुन्नर दोनदा बुडालेलं मी बघितलं आहे. हीटर गळायला लागला की मामू तोही दुरुस्त करत, पण डॅशबोर्ड खोलायची मजुरी गिऱ्हाइकाला परवडत नसे. “दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाका,” गिऱ्हाईक म्हणे. पाणी बाहेरच्या बाहेर फिरायचं, हीटर कायमचा उपाशी. सेकंडहँड गाडी घेताना बॉनेट उघडून या दोन नळ्या कुठे जातात ते बघत जा.

१ जून २०२२ रोजी, एसटीच्या वर्धापनदिनी, त्याच पुणे-नगर रस्त्यावर एसटीची विजेवरची ‘शिवाई’ बस धावली. त्याच वर्षी सप्टेंबरात नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याच्या लोकांनी गावातून आगगाडी जाताना पाहिली. रेल्वेवर बोलायचं तर वेगळं भाषण लागेल. मला विजेच्या गाडीचं सांगायचं आहे. तिच्यात इंजिनच नाही, म्हणून वाया जाणारी उष्णताही फारशी नाही. उसनं मागायला जावं तर सावकाराच्या घरातच काही नाही. अशा गाडीला ऊब स्वतः कमवावी लागते: एक तर विजेच्या शेगडीसारखा तापणारा हीटर, नाहीतर एसी उलटा चालवून बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारा हीट पंप. दोन्ही खातात बॅटरीचंच, म्हणून थंड देशांत हिवाळ्यात विजेच्या गाड्या एका चार्जमध्ये कमी अंतर जातात.

हे मी आमच्या मिस्त्रीला सांगितलं तेव्हा तो एका गाडीखाली आडवा होता. तिथूनच म्हणाला, “मग चाचा, त्यात नळीला हात लावून काय कळंल?” मी म्हटलं, काही गाड्यांत नळ्या असतील, काहींत नुसत्या वायरी. “नारिंगी वायर असंल तर हातच लावायचा नाही,” तो म्हणाला, “ट्रेनिंगला सांगितलंय, तीनशे-चारशे व्होल्ट असतात.” आणि पाना मागायला त्याने हात बाहेर काढला.